आक्कांच्या हिरव्या कॅप्सूल: व्हिटॅमिन ई आणि रक्त पातळ करायच्या गोळीची एक केस

आक्का त्या दिवशी तोंडाला पदर लावूनच दुकानात आल्या. ऑगस्टचा दुसरा आठवडा, आमच्या खानापूर भागातला पाऊस म्हणजे छत्री नुसती नावाला, त्यामुळं मला वाटलं गारठ्यानं पदर घेतलाय, खरं त्यांनी पदर बाजूला करून खालचा ओठ ओढून दाखवला तर हिरड्यांच्या कडेनं बारीक लाल रेघ. "मिसरी लावताना येतंय गा, चार दिस झाले. मिसरी बदलून बघितलो, तरी येतंय." मग त्यांनी बाही वर केली. दंडावर आतल्या बाजूला तळहाताएवढा काळानिळा डाग, कडेला पिवळसर. कुठं पडलात का विचारलं तर म्हणाल्या घागर टेकवली होती कधीतरी, एवढंच.

माझ्या पोटात गोळा आला, कारण आक्का कुठलं औषध घेतात ते मला माहीत होतं. गेली पाच वर्षं त्यांची सगळी औषधं आमच्याच मेडिकलमधून जातात. ही केस मी त्यांच्या परवानगीनं लिहितोय, नाव-गाव देत नाही, आणि यात माझ्या काउंटरवरची चूक आहे ती पण लिहितोय, कारण तीच चूक रोज कुठल्या ना कुठल्या मेडिकलमध्ये होत असणार.

आधी मागची हकीकत. आक्का ५८ वर्षांच्या. लहानपणी सांधेज्वर झालेला, त्याच्यानं हृदयाची झडप खराब झाली, आणि २०१९ साली बेळगावात ऑपरेशन करून मायट्रल व्हॉल्व बदलला. धातूचा यांत्रिक व्हॉल्व, रात्री घर शांत झालं की शेजारी झोपलेल्या नातीला त्याची टिकटिक ऐकू येते. असा व्हॉल्व बसला की त्याच्यावर रक्ताची गुठळी धरायची भीती जन्मभर, म्हणून रोज संध्याकाळी असेनोकूमारॉल. आम्ही बोलताना 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो, खरंतर रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ जास्त लागतो. किती वेळ लागतो ते आयएनआर नावाच्या टेस्टनं कळतं. साध्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो, आक्कांचा डॉक्टरांनी २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायला सांगितलेला. कमी झाला तर व्हॉल्व अडकायची आणि लकव्याची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. शिवाय धाप लागू नये म्हणून टॉर्सेमाइड, म्हणजे लघवीची गोळी, आणि एक बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरायची गोळी.

आक्का औषधाच्या बाबतीत एकदम शिस्तीच्या. आयएनआरची वही आहे त्यांची, नातीच्या शाळेची जुनी वही, त्यात तारीख आणि आकडा. मागचे सहा आकडे २.८, ३.०, २.६, २.९, ३.१, २.७. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना बस फ्री झाल्यापासून तर त्या दर महिन्याला आधार कार्ड घेऊन लाल बसनं बेळगावला जाऊन टेस्ट करून येतात, एकदा चुकल्या नाहीत. फक्त गेल्या पावसाळ्यात जुलैमध्ये पाण्यानं रस्ता बंद होता तेव्हा एक टेस्ट राहिली. नेमकी तीच.

"नवीन काय चालू केलंत का, कुठली गोळी, काढा, काही?" मी विचारलं. काही नाही म्हणाल्या. परत विचारलं. नाही. मग जाता जाता म्हणाल्या, "ते हिरवं तेवढं घेतो की, पायात गोळे येतात त्याला." हिरवं म्हणजे ४०० ची व्हिटॅमिन ई कॅप्सूल, प्रत्येक मेडिकलात काउंटरवर असते ती. पोरी तोंडाला लावायला फोडून नेतात, केसाच्या तेलात घालतात, कोण खातं, कोण काय. ते औषध आहे असं आक्कांच्या डोक्यातच नव्हतं, म्हणून दोनदा विचारून पण नाही म्हणाल्या.

मी बिलबुक काढलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली स्ट्रिप, मग जुलैत परत, परत. शेजारच्या वैनींनी सांगितलेलं एक घे, चार दिवसांत गोळे थांबले नाहीत म्हणून आक्कांनी स्वतःच दोन केल्या, सकाळ-संध्याकाळ. हिशोब लावला तर पाच आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम, या कॅप्सूलच्या बाबतीत म्हणजे ८०० युनिट. एका बिलावर माझी सही. त्यांचं असेनोकूमारॉल आणि ही कॅप्सूल एकाच बिलावर, एका खाली एक लिहिलेली. मी स्वतः लिहिलेली. तो कागद बघून मला अर्धा मिनिट काही सुचलं नाही.

त्याच दुपारी त्यांच्या पुतण्याबरोबर रिक्षानं बेळगावला पाठवलं. आयएनआर आला ६.८. नशीब एवढंच की डोकं दुखणं, उलटी, काळी शी, लघवीतनं रक्त, यातलं काही नव्हतं, हिमोग्लोबिन पण उतरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ई ची कॅप्सूल तिथल्या तिथं बंद केली, असेनोकूमारॉल दोन दिवस थांबवलं. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं नाही. घरच्यांना वाटलं रक्त येतंय तर इंजेक्शन का नाही, खरं यांत्रिक व्हॉल्वच्या पेशंटला जोरात के दिलं तर पेंडुलम एकदम दुसरीकडं जातो आणि व्हॉल्ववर गुठळी धरू शकते, म्हणून मोठा रक्तस्राव नसेल तर थांबून बघतात. तिसऱ्या दिवशी आयएनआर ३.४. असेनोकूमारॉल शरीरातनं वॉरफरिन या त्याच जातीच्या दुसऱ्या गोळीपेक्षा लवकर निघून जातं, त्याचा इथं फायदा झाला. गोळी परत पहिल्याच डोसला चालू केली. ई मात्र चरबीत साठणारं व्हिटॅमिन, ते सावकाश उतरतं, म्हणून पुढचा महिनाभर दर आठवड्याला टेस्ट सांगितली.

आता हे झालं कसं? यकृत रक्त गोठवणारे काही घटक बनवतं, त्यातले २, ७, ९ आणि १० नंबरचे घटक कामाचे व्हायला व्हिटॅमिन के लागतं. असेनोकूमारॉल आणि वॉरफरिन हे के परत परत वापरायची यंत्रणा अडवतात. मोठ्या डोसमध्ये ई घेतलं की ते पण के च्या कामात आडवं येतं. ई चं शरीरात ऑक्सिडेशन होऊन क्विनोन नावाचा पदार्थ होतो, त्याची ठेवण के सारखी, त्यामुळं तो के च्या जागी घुसतो असं एक स्पष्टीकरण आहे, आणि के ची शरीरात मोडतोड जास्त होते असं दुसरं. शिवाय प्लेटलेट एकमेकांना आणि जखमेला चिकटायचं कामही ई थोडं कमी करतं. १९७४ साली अमेरिकेत वॉरफरिन घेणाऱ्या एका पेशंटची अगदी अशीच केस छापून आली होती, तो पण स्वतःच्या मनानं ई घेत होता. नंतर २००४ साली कुठलंच रक्ताचं औषध नसलेल्या लोकांना १२ आठवडे रोज १००० युनिट ई दिलं तेव्हा त्यांच्या रक्तात अर्धवट बनलेला २ नंबरचा घटक वाढलेला दिसला, म्हणजे के कमी पडायला लागल्याची खूण.

खरं सगळ्यांनाच असं होतं असं मी म्हणणार नाही. १९९६ साली वॉरफरिनच्या पेशंटवर एक छोटी ट्रायल झाली, त्यात १२०० युनिटपर्यंत ई देऊन सुद्धा आयएनआर फारसा हलला नाही. मग आक्कांचाच का हलला? यावर मी पुष्कळ विचार केला आणि उत्तर त्यांच्याशी जेवणाबद्दल बोलताना मिळालं. पावसाळ्यात आमच्याकडं पालेभाजी नकोशी होते, चिखल, अळ्या, आणि आक्कांचं म्हणणं आषाढात मेथी शेपू खाऊच नये. एरवी रोज एक पालेभाजी खाणारी बाई दीड महिना नुसती आमटी, मटकी, भात आणि भाकरी. पालेभाजी गेली म्हणजे व्हिटॅमिन के गेलं. एका बाजूनं के चा पुरवठा कमी, दुसऱ्या बाजूनं असेनोकूमारॉल, त्यात ई चा लोंढा, आणि टेस्ट चुकलेली. के आधीच कमी असेल तर ई चा परिणाम जास्त दिसतो हे माहीत असलेलंच आहे. म्हणून या केसमध्ये सगळा दोष एका कॅप्सूलवर टाकणं बरोबर होणार नाही, दोन्ही मिळून झालं असं मी धरतो.

नंतर आक्कांचा पुतण्या मला म्हणाला, "शेंगदाण्यात पण ई असतंय म्हणतात, मग शेंगा पण बंद करायच्या काय?" हा प्रश्न मला फार बरोबरचा वाटला, कारण 'व्हिटॅमिन ई' हे नाव आपण एकवचनी वापरतो आणि घोळ तिथंच होतो.

व्हिटॅमिन ई म्हणजे आठ पदार्थांचं घराणं आहे. चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल, दोन्हीत अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. १९२२ साली कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांना दिसलं की ठराविक शुद्ध आहारावर ठेवलेल्या उंदरीण गाभण राहतात खरं पिलं टिकत नाहीत, आणि लेट्यूसचा पाला किंवा गव्हाचा अंकुर दिला की टिकतात. त्यावरनंच पुढं टोकोफेरॉल नाव पडलं, ग्रीकमध्ये 'टोकोस' म्हणजे बाळंतपण. आठही जण तेलातल्या चरबीला खवट होण्यापासून वाचवतात, आपल्या पेशींच्या पडद्यात पण तेच काम. खरं शरीर आठांना सारखं वागवत नाही. यकृतात एक प्रोटीन आहे, ते अल्फा टोकोफेरॉल ओळखून निवडून परत रक्तात सोडतं आणि बाकीच्यांना बहुतेक मोडून लघवीवाटे बाहेर काढतं. म्हणून आहारात गॅमा कितीही असलं तरी रक्तात अल्फाच जास्त असतं. आणि अल्फाचा मोठा डोस बाहेरनं घेतला की रक्तातलं गॅमा आणखी खाली जातं. कॅप्सूल खाऊन ई वाढलं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात एक भाऊ वाढतो आणि दुसरा घराबाहेर जातो.

गॅमा गेल्यानं काय बिघडतं? प्रयोगशाळेत तरी गॅमा नायट्रोजनवाले घातक रेणू पकडतं, जे अल्फाला तेवढं जमत नाही, आणि सूज कमी करायचं कामही त्यात दिसतं. टोकोट्रायनॉल पामतेल, राइस ब्रान तेल, बार्ली यात मिळतात, कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमवर त्यांचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलाय. माणसांमधले निकाल मात्र कधी हो कधी नाही असे आहेत, त्यामुळं 'टोकोट्रायनॉल घ्या, अल्फा सोडा' असं सांगत जे नवीन डबे खपवायला येतात त्यांच्याकडनं मी अजून माल घेतलेला नाही.

मग आक्कांच्या त्या हिरव्या कॅप्सूलमध्ये काय होतं? स्ट्रिपच्या मागं बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, 'टोकोफेरिल ॲसिटेट ४०० मिलिग्रॅम'. आक्कांना मराठी येतं, कन्नड बसवरची पाटी वाचण्यापुरतं, इंग्रजी अजिबात नाही, आणि इंग्रजी येणारे तरी कुठं वाचतात. असल्या स्वस्त कॅप्सूलमधलं अल्फा बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं, नावापुढं 'डीएल' असतं. नैसर्गिक असेल तर नुसतं 'डी'. डीएल मध्ये अल्फाचेच आठ वेगवेगळ्या ठेवणीचे रेणू मिसळलेले असतात (वरच्या आठ भावांशी याचा संबंध नाही, इथं पुष्कळ जण गोंधळतात), त्यातला एकच हुबेहूब झाडात मिळणारा, आणि चार ठेवणी शरीर ठेवूनच घेत नाही. म्हणून अमेरिकेच्या हिशोबात डीएलचं १ युनिट म्हणजे ०.४५ मिलिग्रॅम कामाचं अल्फा, आणि नैसर्गिकचं १ युनिट म्हणजे ०.६७. आक्कांचे ८०० युनिट म्हणजे साधारण ३६० मिलिग्रॅम. त्यांच्याच हिशोबात मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५. चोवीस पट झालं.

एक गंमत वाटण्यासारखी गोष्ट, 'नैसर्गिक' लिहिलेलं ई पण बहुतेक सोयाबीन तेल रिफाइन करताना वाफेबरोबर निघून येणाऱ्या गाळातनं काढतात, आणि सोयाबीनमध्ये गॅमा जास्त म्हणून ते गॅमा रसायनं लावून अल्फा करून घेतात. आमच्या बेळगाव भागात पावसाळ्यात रानंच्या रानं सोयाबीन असतं, त्यातलं हे.

आता पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर. मूठभर शेंगदाण्यात अल्फा मिळतं दोन-सव्वादोन मिलिग्रॅम. एक मोठा चमचा शेंगतेलात तेवढंच, सूर्यफुलाच्या तेलात साडेपाचच्या आसपास, करडईच्या तेलात साडेचार. शेंगतेलात अल्फाच्या जोडीला बऱ्यापैकी गॅमा पण येतं, तिळात तर गॅमाच मुख्य. आक्कांच्या घरी घाण्याचं शेंगतेल, भाकरीबरोबर शेंगांची चटणी रोज, संक्रांतीला तीळ. म्हणजे त्यांना ई कमी पडायचं कारणच नव्हतं. शेंगांनी त्या ३६० मिलिग्रॅमचा पल्ला गाठायला बसलात तर रोज किलोच्या किलो शेंगदाणे खावे लागतील. शेंगा चालू ठेवा म्हणून सांगितलं. पालेभाजी पण चालू, फक्त एक महिना रोज आणि एक महिना अजिबात नाही असं नको, वर्षभर सारखीच ठेवा, कारण गोळीचा डोस त्या जेवणावरच बसवलेला असतो.

ई ची खरी कमतरता फार कमी लोकांत असते. चरबी पचत नाही असे आजार, वेळेआधी जन्मलेली बाळं, किंवा ते यकृतातलं प्रोटीनच जन्मतः बिघडलेलं असणारे मोजके पेशंट, त्यांना तोल जाणं, हातापायाची जाणीव कमी होणं असं होतं आणि त्यांना ई च्या मोठ्या डोसनं आधार मिळतो. फॅटी लिव्हरचा जो पुढचा सुजेचा टप्पा आहे त्यात डायबेटिस नसलेल्या पेशंटना रोज ८०० युनिट नैसर्गिक अल्फा ९६ आठवडे दिलं तेव्हा ४३ टक्के लोकांच्या लिव्हरच्या तपासणीत सुधारणा दिसली, औषध नसलेल्या साध्या गोळीवर १९ टक्के, ही ट्रायल २०१० ची. म्हणून माझ्या निपाणीच्या मेहुण्याला डॉक्टरांनी ई लिहून दिलंय त्याला मी बंद कर म्हटलेलं नाही. तिथं डॉक्टर लक्ष ठेवून आहे.

कमतरता नसलेल्या माणसानं ताकदीसाठी खाण्याचा मात्र अनुभव वाईट आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम देऊन सुद्धा मेंदूत रक्तस्राव होऊन मरणारे ई च्या गटात जास्त निघाले, १९९४ ला ते छापून आलं. अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांना घेऊन प्रोस्टेट कॅन्सर टळतो का बघितलं, रोज ४०० युनिट, तेच कारखान्यातलं अल्फा. फायदा दिसेना म्हणून २००८ ला गोळ्या थांबवल्या, आणि २०११ च्या हिशोबात ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त. यात गॅमा खाली गेल्याचा काही हात असेल का असं काही शास्त्रज्ञ विचारतात, सिद्ध झालेलं नाही, खरं मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हे ४०० युनिट म्हणजे आक्कांच्या एका कॅप्सूलएवढंच हे लक्षात घ्या.

आणि ज्या गोळ्यांसाठी, म्हणजे पायातल्या गोळ्यांसाठी, हे सगळं घेतलं त्याचं काय? १९९२ च्या एका ट्रायलमध्ये रात्री ८०० युनिट ई देऊन पायातले गोळे थांबतात का बघितलं, नाही थांबले. आक्कांचे पण नव्हतेच थांबले, म्हणून तर त्यांनी एकाची दोन केली. बेळगावला रक्त तपासलं त्यात पोटॅशियम ३.२ निघालं, ३.५ तरी असायला हवं. लघवीची गोळी पोटॅशियम बाहेर काढते, पायात गोळे येतात. हे सहा आठवडे आधी मला सुचायला हवं होतं, कारण टॉर्सेमाइड पण मीच देत होतो. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीत बदल केला, पोटॅशियमचं औषध दिलं, दहा-बारा दिवसांत रात्रीचे गोळे जवळजवळ बंद.

वहीतले पुढचे आकडे ३.१, २.९, २.६, २.८. हिरड्यांचं रक्त आठव्या दिवशी थांबलं, दंडावरचा डाग जायला तीन आठवडे लागले. मिसरी सोडा म्हणून मी, डॉक्टर आणि नात तिघंही सांगतोय, ती अजून सुटलेली नाही.

दुकानात मी असेनोकूमारॉल आणि वॉरफरिनच्या खणाला लाल टेप लावली. त्या खणातनं गोळी काढली की बिल करायच्या आधी विचारायचंच, व्हिटॅमिन, आयुर्वेदिक, दुखण्याची गोळी, काही घेता का. आणि 'औषध घेता का' असं विचारायचं नाही, पोराला पण शिकवलंय, 'हिरवं, लाल, ताकदीचं, काहीही तोंडात टाकता का' असं विचार. ई मागायला कोण आलं की तोंडाला लावायला की खायला हे पहिलं, खायला म्हटलं तर रक्ताची गोळी चालू आहे का हे दुसरं. दोन-तीन गिऱ्हाईकं रागावून समोरच्या मेडिकलात गेली, जाऊ देत.

गेल्या महिन्यात आक्का गोळ्या न्यायला आल्या तेव्हा बरोबर त्या शेजारच्या वैनी होत्या. वैनींनी हिरवी स्ट्रिप मागितली. मी तोंड उघडायच्या आत आक्काच वळून म्हणाल्या, "तुझी लघवीची गोळी चालू हाय काय गे? पहिलं ते सांग."